पाय न हलवता चालणारी माणसं

महाळुंगे,
मंगळवार, २ डिसेंबर

चि. जावईबापू निरंजनराव यांना दुर्गाबाईचा आशीर्वाद.

पत्रात आधी इकडचं बरं आहे असं लिहायचं असतं, ते लिहिते. इकडं बरं आहे. मी बरी आहे, स्वरूपा बरी आहे, तिची सर्दी गेली. दाराची कडी तुम्ही असताना सैल होती ती आता निघूनच आली, दोरी बांधली आहे. मारुतराव म्हणतो बघतो. घरमालक झाला म्हणून तो काही बघत नसतो. तिकडं गुजरातला तुम्ही बरे असाल. जेवणाचं काय करता माहीत नाही.

फोन सोडून ही बाई कागद का काळा करते असं तुम्हाला वाटेल. फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तर "मामी, मीटिंगला आहे" म्हणता आणि ठेवता. मी बोलून पाठवलेले मेसेज निळे होतात आणि तसेच पडून राहतात. इकडच्या कंपनीतला ज्ञानेश तुमच्या प्लांटला ट्रेनिंगला येतोय, त्याच्या हातात हे देते. त्याला सांगितलंय, निरंजनराव वाचून संपवेपर्यंत समोरनं हलायचं नाही. तो म्हणाला, "काकू, मी काय पोस्टमन आहे का." म्हणलं, पोस्टमन तरी टाकून जातो, तू उभा राहायचं. मी चौथीपर्यंत गेलेली बाई. अक्षर लागलं नाही तर त्याला वाचायला देऊ नका, तुम्हीच लावून घ्या.

माझं कॅन्टीनचं काम चालू आहे. आता तिथं चपातीचं मशीन आणलंय. आधी आम्ही बायका लाटायचो, आता गोळा आत जातो आणि चपाती बाहेर पडते. मी पट्ट्याच्या कडेला उभी राहून फाटक्या, करपलेल्या बाजूला काढते. सुपरवायझर म्हणतो, दुर्गाबाई, आता आराम झाला तुम्हाला. झाला. बोलावं लागत नाही, नुसतं बघायचं. परवा हात तापलेल्या पत्र्याला टेकला तर मला कळलंच नाही. बाजूची म्हणाली, मावशी, वास येतोय कसला तरी, तेव्हा खाली बघितलं. फोड आलाय, जाईल. तुम्हाला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही. हल्ली असं होतं एवढंच. लोक विचारतात रडलात का, मोकळ्या झालात का. मी नाही म्हणते.

स्वरूपा पहिलीत जाते. जाते, येते, वाढलं ते खाते. बाई म्हणतात शांत मुलगी आहे. आधी शांत नव्हती हे बाईंना कुठं माहीत. तुमचं नाव काढत नाही. सुरुवातीला मी म्हणायचे, पप्पांना फोन लावू का, की ही उठून मोरीत जायची आणि हात धुवायची. धुतलेलेच हात परत धुवायची. मग मीपण विचारायचं सोडलं. तुम्ही पण तिला द्या म्हणला नाहीत. ज्ञानेश सांगत होता, फोनवर मागनं पोरीचा आवाज ऐकू आला की तो तिच्या आईसारखा येतो असं तुम्ही म्हणता. येतो. मला रोज घरात येतो.

एक खोड लागली आहे तिला. तुमचं जुनं आयकार्ड, निळ्या दोरीचं, ते इथंच राहिलंय. ते उचलून ती माळ्यावरच्या पिशवीत नेऊन ठेवते. कोणती पिशवी ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच बांधलीत. तिच्या आईचा कंपनीचा ड्रेस, टोपी, बूट, आयकार्ड, सगळं तुम्ही त्यात कोंबलंत, गाठ मारलीत आणि वर टाकलंत. लेकरू डब्यावर डबा ठेवून चढतं, गाठ सोडतं, तुमचं कार्ड आत घालतं आणि परत गाठ मारतं. मी काढून दाराजवळच्या खिळ्याला लावते. दुसऱ्या दिवशी परत पिशवीत. एकदा पाठीत धपाटा घातला. म्हणलं, बापाची वस्तू आहे, बाहेर राहू दे. रडली पण नाही. मला वाटलं, आवराआवर करायची सवय आईकडनं आली असेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. रविवारी मी सिनेमा बघितला.

आपल्या रांगेतल्या शेवटच्या खोलीतली शालनबाई, ती नगरकडची, येशूची गाणी म्हणणारी, तिच्याकडं रविवारी दुपारी पोरं जमतात. गाणी म्हणतात, चित्रं रंगवतात, बिस्किटं खातात. स्वरूपा पण जाते. मधल्या खोलीतली मला म्हणाली होती, कशाला पाठवता, बाटवतील पोरीला. म्हणलं, तुझ्याकडं पाठवते, तू बसव चार तास. शालनबाईनं त्या दिवशी पोरगी सांभाळली होती आपली, मी तिला कशी नाही म्हणू.

तर रविवारी मला सुट्टी. पोरीचं डोकं धुवायचं होतं आणि ती येईना, म्हणून ओढून आणायला गेले. बघते तर खोलीत अंधार. खिडकीला गोधडी टांगलेली, भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, स्टुलावर डब्याएवढं मशीन मोबाइलला जोडलेलं. पोरं चटईवर. शालनबाई म्हणाली, "या दुर्गाताई, आत्ताच लावलंय, बसा." मला बसायचं नव्हतं. पण उठून जायचं कशाला हेही सुचेना, म्हणून भिंतीला टेकले. मारुतराव पण तिथंच होता. मोटर बिघडलीय, पाणी जपून वापरा, एवढं सांगायला आला होता आणि दारातच उकिडवा बसला होता, टोपी गुडघ्यावर घालून.

सिनेमा म्हणजे कार्टून. तुम्ही म्हणाल मामींना कार्टूनमधलं काय कळतंय. नातीसोबत इतकी बघितली की कळतं. हे अगदी हलक्या कामाचं होतं. यातली माणसं चालताना पाय हलवत नव्हती. उभीच्या उभी पुढं घसरायची, पट्ट्यावरच्या चपातीसारखी. तोंड आधी हलायचं, आवाज मागनं यायचा. सगळ्यांना एकाच माणसाचा आवाज, बायकांना पण, जरा नाकातनं काढलेला. गर्दी म्हणून तीनच माणसं, तीच तीच फिरून यायची, नुसता कपड्याचा रंग वेगळा. गाढव होतं, ते जमिनीच्या वीतभर वर. आणि मराठी कसली तर बाप आपल्या पोरीला "हे कन्ये" म्हणून हाक मारतो. अशी हाक कोण मारतं.

मारुतराव म्हणाला, "शालनबाई, ह्यांचं पाय का वो घसरत्यात?"

"आण्णा, कमी खर्चातलं आहे. आमच्या पास्टरांनी पाठवलंय."

"मग चालायचं काम द्यायचंच कशाला. बशीवायचं की एका जागी." थोड्या वेळानं परत, "ह्यो गडी मगाशी पन आलता. आता पागुटं बदलून आलाय. मला काय येडं समजत्यात का?"

पोरं हसली. शालनबाई पण तोंडाला पदर लावून हसली. स्वरूपा हसली नाही.

गोष्ट अशी होती. एक मोठा माणूस असतो, गावात मान असलेला. नाव होतं त्याला, माझ्या लक्षात राहिलं नाही. त्याची एकुलती एक पोरगी आजारी पडते. अंथरुणावर पडलेली दाखवली, एक डोळा नीट मिटलेला नव्हता, चित्र काढणाऱ्यानं अर्धा उघडाच ठेवला होता. आई उशाशी. गावातले वैद्य येतात आणि मान हलवून घसरत निघून जातात. मग बाप म्हणतो, मी येशूला घेऊन येतो. आणि घर सोडून निघतो.

तिथं स्वरूपा गुडघ्यावर उठून बसली. मागची पोरं दिसेना म्हणून ओरडली, "ए खाली बस." तिला ऐकूच गेलं नाही.

बाप जातो. लांब जातो. तेच झाड चारदा मागं गेलं. शेवटी येशू भेटतो, ऐकून घेतो, चल म्हणतो. दोघं निघतात. तर वाटेत एक आजारी बाई गर्दीतनं येते, मागनं त्याच्या कपड्याला हात लावते. तो थांबतो. मला कोणी हात लावला, असं विचारत बसतो. आणि तो बाप नुसता बाजूला उभा, हात जोडून. त्याचे हात एकमेकांच्या आरपार गेले होते.

स्वरूपा एकदम बोलली, "थांबू नका ना."

मोठ्यानं बोलली. या पोरीचा एवढा मोठा आवाज मी उन्हाळ्यापासनं ऐकला नव्हता. सगळी पोरं तिच्याकडं बघायला लागली.

मारुतराव म्हणाला, "व्हय की. तकडं पोरगी मरायला टेकली आन ह्ये हितं गप्पा हानत्यात."

"आण्णा, त्या बाईचंही दुखणं जुनं होतं."

"आसंल. मग लायनीत उभं ऱ्हायचं."

मग घरनं एक माणूस येतो. तो त्या तीनातलाच. म्हणतो, आता येऊन उपयोग नाही, पोरगी गेली. बापाचं तोंड काही बदललं नाही, त्याला तोंड एकच दिलेलं होतं. तेच हसरं. तसाच तो घरी घसरत गेला, हसऱ्या तोंडानं, येशूला घेऊन. मी ते बघत बसले. मला ते चूक वाटलं नाही. आपण पण तसेच फिरत होतो की.

घरात रडारड चाललेली. येशू आत जातो, पोरीच्या अंथरुणाशी उभा राहतो, हात पुढं करतो आणि सिनेमा अडकला. रेंज गेली. मधोमध ते गोल चाक फिरायला लागलं, नेमकं त्या पोरीच्या कपाळावर. कुंकू लावल्यासारखं.

शालनबाई मोबाइल वर धरून खोलीत फिरली, दारात गेली, रस्त्यापर्यंत जाऊन आली. पोरांनी बिस्किटं फोडली, मारामारी चालू झाली. मी मारुतरावाला म्हणलं, तुमची मोटर राहिली ना. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आता अर्ध्यात न्हाई उठत मी. ती पोरगी उठती का न्हाई त्ये बघून जातो." स्वरूपा तशीच गुडघ्यावर. तिला कोणीतरी बिस्किट दिलं ते तिच्या हातात होतं, पण ती त्या चाकाकडं बघत होती. चाक थांबलं की ती श्वास घ्यायची आणि परत फिरलं की धरून ठेवायची. मी ते बघितलं आणि तरी मला काही कळलं नाही. मला डोकं धुवायचं पडलेलं.

मग आलं. येशूनं हात धरला आणि पोरगी उठली. उठली म्हणजे कमरेत न वाकता, कंपनीच्या गेटवरचा दांडा वर जातो तशी, ताठ. पोरं खोखो हसली. मारुतराव म्हणाला, "उठली एकदाची," आणि टोपी घातली. येशूनं सांगितलं, हिला काहीतरी खायला द्या. आईनं भाकरी पुढं केली, ती पोरीच्या गालातनं आरपार गेली. मग गाणं लागलं आणि संपलं.

पोरं बाहेर पळाली. स्वरूपा शालनबाईपाशी गेली आणि म्हणाली, "त्या बाबांना घरी यायला किती दिवस लागले?"

शालनबाई बिचारी मशीनची वायर गुंडाळत होती. म्हणाली, "सांगता येत नाही बाळा. लांबचा रस्ता होता, वाटेत अडलेही."

"पण आले."

"आले तर. बघितलंस ना."

मी तिला हाताला धरून आणलं.

इथवर लिहिलं आणि कुकर लावायला उठले होते. पुढचं आता लिहिते. लिहायला नको वाटतंय म्हणून कुकर लावला, भाताची गरज नव्हती.

घरी आल्यावर तिचं डोकं धुतलं. ती गप्प बसली होती मोरीत, डोळे मिटून. तोंडावरनं पाणी जात असताना म्हणाली, "आजी, पप्पा त्यांच्यापर्यंत पोचले असतील का?"

"कोणापर्यंत?"

"येशूपर्यंत. आणायला गेलेत ना, आईला उठवायला."

मी म्हणलं, आई शिफ्टला गेलीय, लांबच्या प्लांटला. तोंडात बसलेलं वाक्य आहे ते, आपोआप येतं. तुम्हीच आधी म्हणाला होता. त्या दिवशी ती पहिल्या शिफ्टला गेली, लायनीवर चक्कर आली, डोक्यातली शीर फुटली म्हणाले, आणि संध्याकाळी दारात आणली. पोरगी आपण शालनबाईकडं ठेवलेली. सगळं झाल्यावर तिनं विचारलं आई कुठं, तर तुम्ही म्हणालात शिफ्टला गेलीय. मला ते बरोबर वाटलं. इथं प्रत्येक खोलीत लेकरांना हेच सांगतात आणि लेकरं झोपतात. मग आपण डबल शिफ्ट लागली म्हणालो. शाळा उघडली तेव्हा मी म्हणलं, कंपनीनं लांबच्या प्लांटला पाठवलंय. सहा वर्षांचं लेकरू, कुठं कळतंय म्हणलं.

ती म्हणाली, "आजी, शिफ्टला जाताना आई बांगड्या काढून माझ्याकडं द्यायची."

मी पाणी ओतत होते.

"लायनीवर बांगड्या चालत नाहीत. गेटवर हात बघतात. तुम्ही तर तिला मनगटभर भरल्या, हिरव्या. आणि हिरवी साडी. तसं कोणी सोडत नाही आत." मग म्हणाली, "आई मेलीय. मी खिडकीतनं बघितलं. शालनआजींनी टीव्हीचा आवाज खूप मोठा केला, म्हणून मी खिडकीत गेले."

मी म्हणलं, मग तू इतके दिवस काही विचारलं नाहीस.

"तुम्हाला तसं म्हणलेलं बरं वाटत होतं."

निरंजनराव, चुडा मीच भरला होता. सवाष्ण आहे, हात मोकळे नको, असं बायका म्हणाल्या म्हणून. हात आखडला होता, दोन फुटल्या. त्या सकाळी याच हाताच्या बांगड्या तिनं पोरीच्या डब्यात टाकल्या होत्या आणि तो डबा त्या वेळी घरातच होता. रोजचं कारखान्याचं जगणं आपलं, कार्ड, टोपी, मोकळा हात. सांगताना आपल्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. लेकराच्या आलं.

आता पुढचं नीट वाचा. ज्ञानेश समोर असेल तर त्याला जरा लांब उभा राहा म्हणा.

डोकं पुसताना ती म्हणाली, "मला वाटलं पप्पांना पण तसंच झालं."

मी म्हणलं, कसं.

"तुम्ही तसंच म्हणाला ना. पप्पा लांबच्या प्लांटला गेले."

तुम्ही निघालात तेव्हा ती झोपली होती. उठवू नका, रडेल, असं तुम्ही म्हणालात. सकाळी तिनं विचारलं आणि मी खरं तेच सांगितलं. तुम्ही खरंच प्लांटला गेला होता, खरंच लांब होता. पण हेच शब्द मी तिच्या आईचे वापरून ठेवले होते. तिच्याकडं दुसरा अर्थ कुठनं येणार. फोनवर तुम्ही नाही, दिवाळीला आला नाहीत. फोन लावू का म्हणलं की ही हात धुवायला का पळायची ते मला मोरीत बसून कळलं. स्मशानातनं आल्यावर आपण सगळे हातपाय धुवून आत आलो होतो, ते पण तिनं बघितलं असणार. आणि तुमचं कार्ड आईच्या पिशवीत का जात होतं, ते तुम्हाला आता सांगायला नको.

मी विचारलं, मग कोणाला बोलली का नाहीस. म्हणाली, "नक्की कळत नव्हतं. पप्पांना हार घातलेला दिसला नव्हता."

उन्हाळा संपल्यापासनं या रविवारपर्यंत, लेकराच्या लेखी तुम्ही मेलेले होता. तिला आई नव्हती आणि बाप नव्हता, आणि मी रोज विचारत होते भाजीत मीठ बरोबर आहे का. रविवारी ते हलकं कार्टून बघून तुम्ही तिच्यासाठी जिवंत झालात. त्या बापासारखे तुम्ही येशूला आणायला गेलात, म्हणून दिसत नाही, म्हणून वेळ लागतोय. वाटेत कोणीतरी अडवलंय. तिचं सगळं बसलं जागेवर.

कार्ड तिनं स्वतः पिशवीतनं काढलं आणि खिळ्याला लावलं. कालपण तिथंच होतं, आज पण तिथंच आहे.

आणि रविवारी जेवताना तिनं अर्धी चपाती ठेवली. ताटलीत, वर ताट झाकून, कट्ट्याच्या कोपऱ्यात. उठल्यावर खायला द्यायला सांगितलंय ना, म्हणून. आपण पितरांना पान ठेवतो ते मला माहीत आहे. हे वेगळं आहे, ही उठणाऱ्या माणसासाठी ठेवते. सोमवारी सकाळी मी कामाला निघताना ती वाळलेली चपाती बघितली आणि चहात बुडवून खाल्ली. अन्न टाकायची मला सवय नाही. पोरगी उठली, ताट उचलून बघितलं आणि माझ्याकडं वळली. तिचं तोंड तसं मी कधी बघितलं नव्हतं, ते मी लिहिणार नाही.

"आली होती?"

"मी खाल्ली."

"का खाल्ली?"

मी ताटली धुवायला घेतली. ती शाळेत गेली. काल परत अर्धी ठेवली आणि मला म्हणाली, "आजी, ही खाऊ नका." आहे ती तिथं. मी हात लावला नाही.

मी तिला सांगू शकले असते की पप्पा कोणाला आणायला गेलेले नाहीत. दोनदा तोंड उघडलं. पण ती विचारणार, मग कशाला गेलेत. ते मला माहीत नाही. मी तुमच्यावर डाफरत नाही. या खोलीत मलाही बसवत नाही, मी काही गुजरातला जाऊ शकत नाही इतकंच. पण तुम्ही कोणाला आणायला गेला नाहीत असं मी बोलले की ते कार्ड परत पिशवीत जाईल. आणि आणायला गेलात असं म्हणलं तर ती रोज अर्धी चपाती ठेवणार, मी रोज बघणार. दोन्ही माझ्यानं होणार नाही. शालनबाईला सांगितलं तर ती रडायला लागली, म्हणाली मी समजावते तिला. म्हणलं, तुम्ही नको. हे बापाचं काम आहे.

तुम्ही या. ज्ञानेश परत येईल त्याच्यासोबत गाडीत बसा, पण तळेगावला उतरलात की त्याला त्याच्या घरी जाऊ द्या. दारात एकटे या. खेळणं नको, ड्रेस नको, मिठाई नको. हातात काही दिसलं तर तिला वाटेल हेच आणायला गेला होता. रिकाम्या हातानं या. ती दार उघडेल, दोरी सोडायला येते तिला. तुम्हाला बघेल आणि मग तुमच्या मागं बघेल. मागं कोणी नसेल. ते तिला दिसू द्या. घाई करून उचलून घेऊ नका. मी आत असेन, मध्ये बोलणार नाही. मग आई उठणार नाही हे तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. ती रडेल. रडू द्या, तिनं अजून रडून घेतलेलं नाही. मीही नाही.

रिक्षा दारापर्यंत आणू नका. मारुतरावाच्या गेटपाशी उतरा आणि तिथनं चालत या. ती शाळेतनं आली की खिडकीत बसते. तुम्ही पाय उचलून चालताना तिला दिसायला पाहिजेत.

कडीचे स्क्रू मी आणून ठेवते, ते तुम्ही आल्यावर बसवा.

दिपालीची आई,
दुर्गाबाई